पार्टिकल क्लस्टरिंग: गुठळी, साका की पुंजका?

फ्रिक्शन स्टिर वेल्डिंगवर (घर्षणाने धातू मऊ करून, ढवळून जोडण्याची पद्धत) मराठीत लिहितेय. ॲल्युमिनियमच्या जोडात मधल्या पट्ट्यात कडक कण काही ठिकाणी दाटीने जमतात, त्या पार्टिकल क्लस्टरिंगला काय म्हणावं? मी 'गुठळ्या' लिहिलंय, मैत्रीण म्हणते 'साका' लिही.

— साका नक्कीच नको. साका म्हणजे पातळ पदार्थात तळाशी बसलेला गाळ. इथे पातळ काही नसतंच! १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटने ही पद्धत काढली तिचं वैशिष्ट्यच हे की धातू वितळत नाही. फिरत्या टूलची पिन जोडात घुसते, घर्षणाने ॲल्युमिनियम साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापून मऊ होतं आणि पिनभोवती ढवळलं जातं (शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं ६६० ला). '२०२४' क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूसारख्या मिश्रधातूत तांबं-लोखंडाचे जे कडक कण असतात ते एवढ्या तापमानाला विरघळत नाहीत, पिनने फुटतात आणि तुकडे धातूबरोबर ओढले जातात.

— गुठळीही नको, गुठळीत सगळं एकमेकाला चिकटलेलं असतं. मायक्रोस्कोपखाली बघा, कण नुसते जवळजवळ आलेले दिसतात, मध्ये ॲल्युमिनियम असतंच. माझं मत 'पुंजका'. गवताचा पुंजका म्हणतो, तारकापुंज म्हणतो, दाटी कळते आणि सुटेपणाही कळतो.

— तसंच 'क्लस्टर' ठेवलं तर? सगळ्यांना कळेल.

— कळेल पण ठाण्यात क्लस्टर म्हटलं की लोकांना आधी पुनर्विकासाची योजनाच आठवते :) पुंजका चांगलाय. फक्त एक विनंती, पुंजके आणि पट्टे यांची सरमिसळ करू नका, ती फार होते. वेल्ड कापून पॉलिश केला की कांद्याच्या चकतीसारखी कडी दिसतात ना, त्यात बऱ्याचदा कण जास्त असलेला पट्टा, मग कमी असलेला, परत जास्त, असं ठरावीक अंतराने येतं. हे अंतर साधारणपणे टूल एका फेऱ्यात जेवढं पुढे सरकतं तेवढं असतं, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे आणि १२० मिमी चाल असेल तर ०.२ मिमी. हे नियमित आहे म्हणून 'पट्टे'. पुंजका कुठेही पडू शकतो. वाचणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा कारण भेग कधीकधी कणांनी भरलेल्या पट्ट्याच्या बाजूनेच धावते, आणि पट्ट्यांमधलं अंतर टूलचा वेग बदलून बदलता येतं.

— मग गुठळी हा शब्द कुठेच वापरायचा नाही?

— वापरा की, पण जिथे खरंच गुठळी असते तिथे. खाचेत सिलिकॉन कार्बाइडची पूड भरून ती टूलने ॲल्युमिनियममध्ये ढवळतात, त्यात एका फेरीत पूड नीट पसरली नाही तर तिचे गोळे तसेच राहतात, कण एकमेकाला टेकलेले आणि आत पोकळ्या. ती गुठळीच. टूल परत त्याच वाटेने फिरवलं की बरीचशी फुटते.