मांजरीची नखं काढायची नाहीत, पण मामाजींनाही जपायचं आहे (नागपूर) – मदत हवी आहे

धागाकर्ती:

नमस्कार. येत्या रविवारी घरात बसून निर्णय घ्यायचा असं ठरलं आहे, म्हणून जरा घाईनं लिहिते आहे.

आम्ही त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, वय ७९. दीड वर्षापूर्वी जुलैच्या पावसात पार्किंगमध्ये मूठभर पिल्लू सापडलं, तीच आमची भुरी. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालंय, लसी वेळेवर दिल्या आहेत, घराबाहेर जात नाही. मामाजींची तर ती सावली आहे. ते पेपर उघडून बसले की ही मांडीवर.

मामाजींना स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे. महिन्यापूर्वी दाराची बेल वाजली. मामाजींनी उठायचं म्हणून भुरीच्या पोटाखाली हात घालून तिला उचललं, ती दचकली आणि मनगटापासून कोपरापर्यंत तीन ओरखडे. रक्त थांबायला अर्धा तास लागला, हात आठ दिवस काळानिळा होता. नवऱ्यानं तेव्हापासून धसका घेतला आहे आणि मी त्याला दोष देत नाही. त्याचे वडील आहेत.

माझे दीर अमेरिकेत असतात. ते फोनवर म्हणाले, "आम्ही आमच्या मांजरीची नखं काढून टाकली. दोन दिवसांत चालायला लागली. इथे सगळेच करतात." इथल्या एका दवाखान्यात विचारलं तर "आणा, बघू, करून देऊ" असं उत्तर मिळालं. मी त्या ऑपरेशनबद्दल वाचायला घेतलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. भुरीच्या बाबतीत मी हे होऊ देणार नाही. पण नुसतं "नाही" म्हणून भागणार नाही, मामाजींचा हात मी पाहिला आहे. रविवारी मला काहीतरी ठोस सांगता आलं पाहिजे, नाहीतर दुसरा पर्याय तिला कोणालातरी देऊन टाकायचा, हा आहे.

नखं कापायला ती हात लावू देत नाही. बाजारातून दीड फुटी खांब आणला होता, त्याकडे ती बघतही नाही, सोफ्याची बाजू मात्र पार विंचरून टाकली आहे. नखांवर चढवायच्या टोप्या मिळतात म्हणे, त्या चालतात का? ज्यांच्या घरी मांजर आणि म्हातारी माणसं दोन्ही आहेत त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त पशुवैद्य:

मी सरकारी दवाखान्यांत तीस वर्षं काम केलं. करू नका, हे माझं उत्तर. का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे रविवारी घरात मांडता येईल.

आपलं नख कातडीतून उगवतं. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडावरून उगवतं. ते परत येऊ नये असं करायचं तर ते हाडच सांध्यातून कापावं लागतं, आपल्या बोटांची शेवटची पेरं छाटावीत तसं. पुढच्या एकेका पंजाला पाच बोटं, म्हणजे दहा पेरं. मांजर तर चालतंच बोटांवर. पुढचं टोक गेलं की पाय टेकवण्याची सगळी तऱ्हा बदलते, त्याचा भार वर खांद्यावर आणि पाठीवर येतो. हाडाचा तुकडा आत राहिला तर तो टोचत राहतो. कित्येक मांजरी दुखऱ्या पंजांनी माती उकरायला नको म्हणून शीच्या ट्रेमध्ये जाणंच सोडतात. तुमच्या दिरांची मांजर दोन दिवसांत चालली असेल, मांजरं दुखणं लपवतात. "लेझरनं करतो" असं कोणी सांगितलं तरी कापलं तेच हाड जातं. बोटाचा स्नायुबंध कापण्याची एक पद्धत आहे, तीही नको. त्यात नख बाहेर काढता येत नाही, पण वाढतं, जाड होतं आणि जन्मभर कापावंच लागतं. मग कापायचंच आहे तर आजपासून कापा.

आता मामाजींच्या बाजूनं. नखं गेलेलं मांजर घाबरलं की दात वापरतं. सुळे बारीक आणि लांब असतात. जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि आत खोल जाते, पू होण्याची भीती ओरखड्यापेक्षा जास्त. रक्त पातळ असलेल्या माणसासाठी हा सौदा तोट्याचा आहे. हे तुमच्या यजमानांना नक्की सांगा.

"सगळेच करतात" हेही आता खरं नाही. अमेरिकेतच न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये आणि मेरीलँडनं २०२२ मध्ये यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत हे चालत नाही. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराचं अंग छाटणं ही क्रूरता धरली आहे. गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं अशा गोष्टी ठरलेल्या पद्धतीनं केल्यास सुटतात. मांजराच्या नखांचं नाव त्यात कुठेही नाही.

ओरखडा आलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, मग स्वच्छ कापड दाबून धरायचं, मधूनमधून उचलून बघायचं नाही. लस दिलेली मांजर असली तरी रेबीजबद्दल डॉक्टरांना विचारायचंच. मांजरीवर पिसवा होऊ देऊ नका, ओरखड्यातून ताप आणणारा एक जंतू त्यांच्यामुळेच मांजरांत पसरतो.

नखं कशी कापायची ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना तुमच्यापासून फार लांब नाही. तिथे भुरीला नेऊन "करून दाखवा" म्हणा.

महालकर:

ताई, सोफा काहून फाडून राह्यली ते समजून घ्या. मांजरीले उभं राहून पुरं आंग ताणायचं असते. नखाचं जुनं टरफल काढायचं असते. अन् पंजातून वास सोडून "ही जागा माही" असं सांगायचं असते. दीड फुटाच्या खांबावर तिचं आंगच ताणल्या जात नाही, तर ती त्याले कायले हात लावन? अन् हलका खांब एक डाव डगमगला का मांजर दुसऱ्यांदा जात नाही.

आमच्या वाड्यात चार मांजरी आहेत. मी असं केलं: चार इंची पीव्हीसी पाईप, तीन फूट. खाली दोन बाय दोन फुटाची जाड प्लायवूड. पाईपात रेती भरली, वरून झाकण. त्यावर इतवारीतून आणलेली बोटाएवढी जाड दोरी घट्ट गुंडाळली. तीसेक मीटर लागते, कमी आणू नका. सिसलची, म्हणजे घायपाताच्या तंतूंची, भेटली तर उत्तम, नाही तर तागाची. काथ्याचे तंतू लवकर सुटतात. प्लास्टिकची दोरी अजिबात नको. सुटलेले धागे रोज कापत जा, मांजरीनं लांब धागा गिळला तर आतडं कापते.

आन् खांब कोपऱ्यात लपवू नका. सोफ्याच्या ज्या बाजूले ती फाडते, तिथंच लागून ठेवा.

वाटसरू:

एवढा व्याप कशाला? मांजर ते मांजर. कोंढाळीकडे एखाद्या शेतावर सोडून द्या, उंदीर खाऊन मजेत राहील.

धागाकर्ती:

वाटसरू, दीड वर्षं घरात वाढलेली आहे ती. कुत्रं कधी पाहिलेलं नाही, शिकार येत नाही. शेतावर ती मजेत राहणार नाही, आठवड्यात मरेल. जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणंही त्याच कलम ११ मध्ये येतं, हे मी कालच वाचलं. माझ्या दृष्टीनं हा पर्याय नाही.

डॉक्टरसाहेब, दात आणि नखांबद्दलचं तुमचं लिखाण मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता.

दोन मांजरींची आई:

नखांचं मी सांगते, माझी मोठी मांजर पहिल्या दिवशी मला चावली होती.

कात्री पहिल्या दिवशी हातात घेऊच नका. दुपारी ती पेंगत असताना एक पंजा दोन सेकंद धरायचा, सोडायचा, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा. चार-पाच दिवसांनी बोट वरून आणि खालून हलकं दाबायचं, नख आपोआप बाहेर येतं. पुन्हा चिकन. पंजा ओढून घेतला तर ओढू द्यायचा, भांडायचं नाही. ती शांत राहायला लागली की एक नख कापायचं. फक्त एक. दुसऱ्या दिवशी दुसरं. दहा दिवसांत पुढची दहाही होतात, मग चक्र पुन्हा पहिल्यापासून. टोकाचा आकडा तेवढा कापायचा. आत गुलाबी रेघ दिसते, तिथे रक्तवाहिनी असते, तिच्यापासून लांब राहायचं. चुकून लागलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं.

दर दहा-बारा दिवसांनी कापलीत तर नखाला सुईसारखं टोक येतच नाही. मामाजींसाठी सगळ्यात मोठा फरक यानंच पडेल.

टोप्यांचं: मऊ प्लास्टिकच्या असतात, नख कापून गोंदानं चिकटवतात, चार ते सहा आठवड्यांत नखाबरोबर गळतात. घरातच राहणाऱ्या मांजरीला चालतात. पण ज्या मांजरीला पंजा धरलेला सहन होत नाही तिला टोप्या बसवणं म्हणजे छळ. आधी सवय, मग टोप्या, आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच. माझ्या मोठीला कधी लागल्याच नाहीत.

आणि मामाजींना एक सांगा, मांडीवरच्या मांजरीला उचलायचं नाही. आपण हळूच पुढे झुकून उभं राहायला लागलं की ती स्वतः उतरते. पोटाखाली अचानक हात आला की कोणतीही मांजर घाबरते, रागावून नाही मारत ती.

धागाकर्ती (रविवारी रात्री):

दोन महिन्यांची मुदत मिळाली. नवरा म्हणाला, "करून बघ, पण बाबांना पुन्हा रक्त आलं तर मग माझं ऐकायचं." मी हो म्हटलं आहे. मामाजी मध्येच म्हणाले, "चूक माझी होती. तिला मी पोत्यासारखं उचललं." आजवर त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):

खांब झाला! पाईप आणि प्लायवूड नवऱ्यानं आणलं, तागाची दोरी मी इतवारीतून. दोरी गुंडाळायला मी आणि मुलगी बसलो तर ती सैल पडायची. मामाजी थोडा वेळ बघत होते, मग म्हणाले, "आण इकडे." काटोलजवळच्या त्यांच्या गावी ते लहानपणी बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणायचे. दर चार वेढ्यांनी दोरीला पाणी लावून, पायाच्या अंगठ्यात ताण धरून दोन संध्याकाळी त्यांनी अख्खा खांब गुंडाळला. एक वेढा हलत नाही. हातांना लागू नये म्हणून मी त्यांना हातमोजे घालायला लावले, तेवढंच.

पहिले तीन दिवस भुरी नुसती वास घेऊन निघून जायची. आम्ही सोफ्याच्या त्या बाजूला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली आणि खांब तिथेच उभा केला. चौथ्या दिवशी सकाळी झोपेतून उठली, लांब होऊन खांबाला टांगली आणि खर्र खर्र करत राहिली. मामाजींनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. आता उठल्या उठल्या रोज तेच.

नखं: आतापर्यंत पुढची दहाही कापली. सेमिनरी हिल्सला नेलं होतं, तिथे पहिली दोन कापून दाखवली, बाकीची मी घरी. डावा अंगठा अजून सहज देत नाही, त्याला दोन दिवस लागले.

संध्याकाळी मामाजी खुर्चीत बसून काठीला बांधलेला कापडाचा तुकडा नाचवतात, ती पंधरा मिनिटं उड्या मारते आणि मग मांडीवर येते तेव्हा दमलेली असते. मांडीवर गोधडीची घडी, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. खेळून झाल्यावर काठी कपाटात, कापडाचे धागे तिच्या पोटात जाऊ नयेत म्हणून.

निवृत्त पशुवैद्य:

उत्तम. काठी त्यांच्या हातात दिलीत हे सर्वांत चांगलं. हातानं मात्र कोणी खेळवू नका, मुलीलाही सांगा. हात ही शिकार आहे असं मांजरीनं एकदा धरलं की ते मोडायला फार वेळ लागतो.

धागाकर्ती (होळीनंतर):

मुदत संपत आली म्हणून लिहिते. परवा रात्री खाली कोणीतरी फटाका लावला. भुरी मामाजींच्या मांडीवरून उडाली, जाताना मागच्या पायांनी त्यांच्या हातावर जोर देऊन. आम्ही तिघेही धावलो. दिवा लावून बघितलं तर दोन पांढऱ्या रेघा. कातडी फाटली नव्हती, रक्त नव्हतं. तरी पंधरा मिनिटं धुतलं, सकाळी डॉक्टरांना दाखवलं. नवऱ्यानं हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मागची नखंही कापतेस ना?" त्या आठवड्यात राहिली होती, ते मी खरं सांगितलं. काल त्यानंच तिला धरलं आणि मी मागची आठही कापली.

भुरी इथेच राहते आहे. दिरांना नवऱ्यानं स्वतः फोन करून सांगितलं.

आता एक नवीन प्रश्न. पुढच्या आठवड्यात बाल्कनीत कूलर लावायचा आहे. मागच्या उन्हाळ्यात तिनं कूलरच्या बाजूच्या ताट्यांमधली सगळी खस (वाळा) उपसली होती आणि ओले तंतू तोंडात घेऊन फिरत होती. काय करता येईल?

महालकर:

ताट्यांच्या बाहेरून बारीक छिद्राची लोखंडी जाळी तारेनं बांधा, नखं अडकणार नाहीत इतकी बारीक. हवा येते, पाणीही टाकता येते. अन् बाल्कनीलेही जाळी मारून घ्या, तिसरा मजला आहे. मामाजींले म्हणा, कूलरपाशी एक छोटा खांब अजून गुंडाळा, थंडी हवा येते तिथं मांजर दिवसभर बसन.

धागाकर्ती:

मामाजींना वाचून दाखवलं. दोरी किती उरली आहे ते मोजायला ते आत्ता उठले आहेत. भुरीला आधी उतरू दिलं.