रिबेटीला ‘खाच’ म्हणावं का?

प्रश्न: सुतारकामाच्या जुन्या हत्यारांवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणतोय. त्यात ‘रॅबेट प्लेन’ नावाचा हाताचा रंधा आहे. मी ‘खाचेचा रंधा’ असं लिहिलंय. बरोबर आहे का?

उत्तर: दादा, ‘खाच’ नको. अर्थच बदलतो.

घरात अंबाबाईची काच लावलेली तसबीर असेल तर ती भिंतीवरून काढा आणि उलटी करून बघा. चौकटीच्या आतल्या कडेला चारी बाजूंनी एक पायरी काढलेली दिसेल. काच, चित्र आणि मागचा पुठ्ठा असं सगळं त्या पायरीवर टेकलेलं असतं. ती पायरी म्हणजे रॅबेट. दाराच्या चौकटीत फळी ज्यात येऊन बसते तीही हीच. तिला एक भिंत आणि एक तळ असतो, दुसऱ्या बाजूला ती उघडी असते.

खाच किंवा खोबण म्हटलं की दोन्हीकडून भिंत आली. डोळ्याची खोबण म्हणतो ती बुबुळाला सगळीकडून धरते म्हणूनच ना! सरकत्या काचेची खोबण दोन्ही बाजूंनी बंद असते, म्हणून काच त्यातून सरकते पण पडत नाही. पायरीवर ठेवलेली काच मात्र खिळे किंवा पट्टी मारल्याशिवाय राहत नाही. सुतार माणसाला तुम्ही ‘खाच काढ’ म्हणालात तर तो फळीच्या कडेपासून अर्धा इंच आत जाऊन चर पाडेल आणि फळी वाया जाईल.

आमच्या घरी आजोबांपासून हे काम आहे. आमच्याकडं ‘रिबेट’ म्हणतात. रिबेट काढणे, रिबेट मारणे, रिबेटीचा रंधा. शब्द इंग्रजीतून आला खरा, पण त्याला मराठी प्रत्यय लागतात, तो स्त्रीलिंगी चालतो, ‘ती रिबेट’ म्हणतो, आता तो आपलाच झाला. उत्तरेकडचे मिस्त्री ह्यालाच ‘पताम’ म्हणतात. आता कोल्हापुरात कामावर त्यांच्या तोंडून तो ऐकू येतो. मला तो शब्द आवडतो, कारण त्याचा दुसरा कुठलाच अर्थ कानात आडवा येत नाही.

प्रश्न: काका, पण वाचक ‘रिबेट’ वाचून करसवलत समजतील की!

उत्तर: समजू देत, नातं खरंच आहे. दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘राबात्र’ ह्या एकाच क्रियापदाकडं जातात. अर्थ खाली पाडणे, कमी करणे. रक्कम खाली आणली तीही रिबेट, लाकडाची कड खाली आणली तीही रिबेट. अमेरिकेत लाकडातलीला रॅबेट लिहितात, इंग्लंडात रिबेट. आपल्याकडं इंग्रजांचं रूप आलं. आणि आपला ‘रंधा’ फारसी ‘रंदा’वरून आलाय, तिकडं किसणीलाही तोच शब्द आहे. खोबऱ्याचा कीस आणि रंध्याची ढलपी शेजारी ठेवून बघा, शब्द का जुळला ते कळेल.

आता हत्यार. साध्या रंध्याचं पातं तळापेक्षा अरुंद असतं, दोन्हीकडं लाकडाची किंवा लोखंडाची कड उरते. त्यामुळं तो भिंतीला चिकटून कापूच शकत नाही, दर फेरीला कोपऱ्यात एक काठ शिल्लक राहतो. रिबेटीच्या रंध्याचं पातं तळाच्या पूर्ण रुंदीचं असतं, भिंतीच्या बाजूला केसभर बाहेरच. लाकडी रंध्यात पातं पाचरीनं आवळलेलं असतं आणि बाजूला आरपार गोल पोकळी असते, ढलपी तिथून वळून बाहेर पडते. हीच त्याची ओळख.

लोखंडी जुन्यांत अमेरिकेच्या स्टॅनले कंपनीचा ७८ नंबर सगळ्यांत जास्त सापडतो. १८८०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत तो अमेरिकेत बनला. पातं दीड इंची. पात्याला दोन बैठका आहेत: मागची रोजच्या कामाला, पुढची कोपऱ्यापर्यंत पोचायला, म्हणून नाव ‘डुप्लेक्स’. मला एक जुन्या बाजारात मिळाला, विकणाऱ्यानं ‘पूर्ण आहे’ म्हणून दिला. घरी येऊन बघतो तर बाजूची आधारपट्टी नाही, रिबेट किती खोल जावी ते ठरवणारा अडसरही नाही. लई वाईट वाटलं. शेवटी सागवानाची सरळ पट्टी फळीवर शिकंज्यानं आवळली, तिला रंधा टेकवून चालवला. पहिल्या फेरीला ढलपी चुरगळली, पातं पुन्हा लावलं. पाचव्या-सहाव्या फेरीला अखंड फीत सुटली, बोटाला गरम लागत होती. कोपरा आरशासारखा स्वच्छ.

प्रश्न: मग ‘रिबेटीचा रंधा’ कायम करतो. पण मजकुरात पुढं ‘प्लाऊ प्लेन’ही आहे.

उत्तर: त्याचं पातं अरुंद, तो फळीच्या कडेपासून आत दोन भिंतींचा चर पाडतो. त्याला ‘खोबणीचा रंधा’ लिहा. तुमचा पहिला शब्द वाया गेला नाही, फक्त शेजारच्या हत्याराला गेला.