नवीन स्पीडमास्टर हातात घातल्यापासून जीव दोन्हीकडे ओढतोय

नाशिककर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ओमेगाचं जुनं स्पीडमास्टर घड्याळ आहे, आत १८६१ क्रमांकाचं मशीन. २००७ साली दुबईत नोकरीला असताना घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी चहा उकळेपर्यंत त्याला चावी देतो. मागच्या रविवारी मुंबईत २०२१ नंतरचं, ३८६१ मशीनचं मॉडेल हातात घालून पाहिलं आणि डोक्यातून जातच नाहीये.

आधी आवडलेलं सांगतो. चेन! घड्याळाशी २० मिमी आणि कडीपाशी १५, मनगटावर अलगद बसते. चावी ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो, वेळ सेकंदाला मिळवता येते. माझा थांबतच नाही. आणि १५,००० गॉसपर्यंत (गॉस म्हणजे चुंबकत्वाचं माप) चुंबकाची भीती नाही. माझं एकदा स्पीकरशेजारी रात्रभर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं पुढे पळालं होतं.

पण डायल पुन्हा पायरीची, म्हणजे कडेला जराशी खाली उतरणारी केलीय. बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या आकड्यांच्या कड्यावर, ९० चा ठिपका आकड्याच्या बाजूला होता, तो पुन्हा डोक्यावर नेलाय. हे सगळं साठच्या दशकातलं. म्हणजे कंपनी मागे गेली आणि जाताना माझ्या घड्याळाची पिढी ओलांडून गेली. इतकी वर्षं मला बरोबर वाटणारा ठिपका त्यांच्याच लेखी चुकीचा होता की काय, असं वाटून वाईट वाटतं.

जुनं देऊन नवं घ्यावं का? दोन्ही वापरलेलं कुणी आहे का?

काटेकोर:
मी दोन्ही वापरलीत. जुनं विकलं, नवं घेतलं, तेही प्लास्टिकच्या काचेचंच. सफायर काचेवाल्याला मागून मशीन दिसतं, पण मला काचेच्या मधोमध कोरलेला तो ओमेगाच्या चिन्हाचा बारीक ठसा हवा होता. तिरपं धरून शोधावा लागतो. आणखी एक बघा: सेकंदाच्या दोन रेघांमध्ये पूर्वी पाच भाग होते, आता तीन. मशीन सेकंदाला सहा ठोके देतं, म्हणजे हिशेब आत्ता कुठे जुळला. मला तरी पश्चात्ताप नाही.

लक्ष्मीरोडचा कारागीर:
नाशिककर, घाई करू नका. १९६९ मध्ये चंद्रावर अंतराळवीर बझ आल्ड्रिनच्या मनगटावर होतं ते स्पीडमास्टर १०५.०१२ मॉडेलचं, आत ३२१ मशीन. ते मशीन १९६८ मध्येच बदलून ८६१ आलं होतं, आणि तुमचं १८६१ त्याच घराण्यातलं. नवं ३८६१ सुद्धा त्याच बांधणीवर उभं आहे, फक्त एस्केपमेंट, म्हणजे टिकटिक करत चाकं सोडणारा भाग, को-अ‍ॅक्सिअल नावाच्या पद्धतीचा. उघडून ठेवलीत तर नातं लगेच दिसतं.

ठिपक्याचं म्हणाल, तर तो बाजूला गेला १९७० च्या आसपास आणि वर परत आला २०२१ मध्ये. पन्नास वर्षं! डोक्यावरचा ठिपका त्याआधी इतका टिकला नव्हता. त्याला चूक कसं म्हणायचं?

शेवटची सर्व्हिस कधी केलीत? पाच-सहा वर्षं उलटली असतील तर तेल सुकलेलं असणार.

नाशिककर:
काटेकोर, तीन भागांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आभार. पुढच्या वेळी भिंग घेऊन जातो.

कारागीरदादा, पन्नास वर्षांचा हिशेब मी कधी केलाच नव्हता. काल रात्री दिव्याखाली बेझल पाहिलं. शर्टाच्या बाहीला घासून तो ठिपका अर्धा पुसट झालाय. जुनं विकत नाही. नवं घ्यायचं मनात अजून आहे, पण ह्याच्या बदल्यात नाही.

सर्व्हिसला नऊ वर्षं झालीत, पुढच्या आठवड्यात पुण्याला आणतो. एक विनंती आहे. सर्व्हिसमध्ये काच बदलतात हे ठाऊक आहे, माझी मात्र तीच राहू द्या. सहाच्या आकड्याजवळ आडवा चरा आहे ना, तो लेक रांगत होती तेव्हा पाळण्याच्या कडीचा लागलाय. पॉलिशही नको.