१०० मीटर १३.४ वर अडकलंय, मदत हवी आहे (नागपूर)

ग्राउंड_जवळ_आलं
पोलीस भरतीचं ग्राउंड (मैदानी चाचणी) जवळ आलंय, १०० आणि १६०० मीटर दोन्ही आहेत. १०० मीटर १३.४ सेकंदांच्या खाली येतच नाहीये. रोज पहाटे पळतो, मेहनतीत कसर नाही. शेवटच्या ४० मीटरला पाय जड होतात. स्टॅमिना वाढवायला काय करू? लवकर सांगा.

आठवी_लेन
वय, वजन? रोज म्हणजे नेमकं काय पळता? डांबर, माती की मानकापूरचा सिंथेटिक ट्रॅक? टाइम कोण घेतं?

टायरवाला
एवढी चौकशी काहून? कमरेला दोर बांधून टायर ओढा. २० मीटरचे ६ राउंड, आठवड्यातून दोनदा. ताकद आली की टाइम कमी होतोच.

सरळरेषा
कोणता टायर ते तरी सांगा! ट्रकचा बांधला तर पोरगा कमरेत वाकेल. स्कूटरचा पुरे.

टायरवाला
पहिल्या १० मीटरच्या धक्क्यासाठी जडच लागतो. कमरेत वाकायचंच नाही, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत तिरकं ठेवायचं.

सरळरेषा
ते जमायला आधी कोणीतरी शिकवावं लागतं. त्यापेक्षा सेमिनरी हिल्सच्या चढावर ३० मीटर मारा, अंग आपसूक तिरकं राहतं. फक्त उतरताना चालत या.

ग्राउंड_जवळ_आलं
वय २१, वजन ६४. रोज ५ किमी, लगेच १०० चे १० राउंड, चालत परत आलो की पुढचा. डांबरी रस्ता, साधे बूट. एक मित्र शिट्टी मारतो, दुसरा शेवटच्या रेषेवर घड्याळ दाबतो. स्टॅमिन्याचं सांगा ना भाऊ.

आठवी_लेन
शिट्टी ऐकून दाबतो? आवाजाला १०० मीटर यायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. तेवढं घड्याळ उशिरा सुरू होतंय, म्हणजे खरा टाइम १३.७ च्या आसपास असेल. व्हिडिओ काढा. मित्राने शेवटच्या रेषेच्या सरळ बाजूला उभं राहून मोबाईल आधी तुमच्याकडे धरायचा, मग रेषेकडे वळवायचा. पाय हलल्यापासून छाती रेषेवर येईपर्यंतचा वेळ मोजा. ३० आणि ६० मीटरचे व्हिडिओ वेगळे.

खामल्याचा_पळपुटे
१६०० मध्ये पहिला राउंड जोरात मारू नका. ५:२० हवे असतील तर प्रत्येक ४०० मीटर ८० सेकंदांत.

सरळरेषा
ते १०० चं विचारताहेत हो.

ग्राउंड_जवळ_आलं
३० मीटर ४.८, ६० मीटर ८.५, १०० मीटर १३.७. बरोबर निघालं तुमचं.

आठवी_लेन
आता बघा. ३० ते ६० मध्ये वेग सेकंदाला ८.१ मीटर, शेवटच्या ४० मध्ये ७.७. शेवटपर्यंत ८.१ टिकवला तरी ०.३ च वाचतील. अडचण स्टॅमिन्याची नाही, मुळात वरचा वेगच कमी आहे, आणि तो ५ किमीने थकलेल्या पायांवर वाढत नाही. थकल्यावर मारलेले १० राउंड म्हणजे ८५ टक्के वेगाचा सराव.

आठवड्यात दोनच दिवस वेगाचे, मध्ये ४८ तास. एक दिवस ३० मीटरचे ६, प्रत्येकानंतर ३ मिनिटं विश्रांती. दुसऱ्या दिवशी २० मीटर वेग चढवत जा, पुढचे २० पूर्ण जोरात. असे ४, मध्ये ५ मिनिटं. टाइम वाढायला लागला की तिथेच थांबा. १६०० चा सराव वेगळ्या दिवशी. डांबर सोडा, सपाट माती धरा.

टायरवाला
हॅमस्ट्रिंगचं (मांडीच्या मागच्या स्नायूंचं) राहिलं. गुडघ्यावर बसा, मित्राला टाचा दाबून धरायला सांगा, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका. सुरुवातीला ४ चे २ सेट पुरेत, पाय दुखतातच. ग्राउंडच्या आठवड्यात नवीन काही नको.

ग्राउंड_जवळ_आलं
३० मीटरनंतर ३ मिनिटं नुसतं बसायचं? अंग थंड पडेल ना.

आठवी_लेन
बसू नका, सावकाश चाला. त्याआधी १२ मिनिटं वॉर्मअप आणि ७०, ८०, ९० टक्क्यांचा एकेक राउंड हवाच. आणि सहाच्या आत सुरू करा, एप्रिल-मेमध्ये आठनंतर आपल्याकडे मैदानावर उभं राहवत नाही.