मदत हवी आहे: ॲस्बेस्टॉसच्या कामावर ओशाची तीन सायटेशन्स, 15 दिवसांची मुदत आणि परवान्याचं काय?

तुळईखाली

नमस्कार मंडळी. कंपनी न्यू जर्सीतली, ॲस्बेस्टॉस काढणारी, आज रजिस्टरवर 14 माणसं. एका व्यापारी इमारतीच्या बॉयलर रूममध्ये पाइपांवरचं जुनं इन्सुलेशन काढायचं काम होतं, साधारण 180 फूट लांबी. ओशाची (अमेरिकेच्या केंद्र सरकारची कामगार-सुरक्षा यंत्रणा) तपासणी झाली आणि सोमवारी, 18 ऑगस्ट 2025 ला, त्यांचं पाकीट हातात पडलं, आत तीन सायटेशन्स, म्हणजे नियमभंगाच्या नोटिसा. तिन्ही बाबी 'सीरियस' (गंभीर) आहेत:

1. एन्क्लोजरमधला (प्लास्टिकने बंद केलेली कामाची जागा) दाब बाहेरच्या तुलनेत उणे 0.02 इंच पाण्याला पोचत नव्हता. मॅनोमीटरवर (दाब मोजणारं यंत्र) 0.012 ते 0.018 दिसत होतं. दंड 6,620 डॉलर.
2. रोजचं एअर मॉनिटरिंग नाही. पहिल्या दिवशी केलं, पुढचे तीन दिवस नाही. दंड 6,620 डॉलर.
3. सुपरवायझरचं प्रमाणपत्र दोन महिन्यांपूर्वी संपलेलं. दंड थोडा कमी.

खोली 40 बाय 25 फूट, उंची 12. निगेटिव्ह एअर मशीन (आतली हवा गाळून बाहेर फेकणारं) एकच, 2,000 सीएफएमचं, म्हणजे मिनिटाला 2,000 घनफूट. याआधी कधीच तपासणी झालेली नाही. प्रश्न असे: दंड भरून मोकळं व्हावं की लढावं? 180 फूट म्हणजे ईपीएच्या (केंद्राची पर्यावरण संस्था) 260 फुटांपेक्षा कमी, मग हे नियम लागतात तरी का? आणि पुढे न्यूयॉर्कमधलं एक काम येतंय, तिथे इथलेच कागद चालतील का?

कागदकाळू

आधी तारीख, बाकी सगळं नंतर. मुदत 15 *कामकाजी* दिवसांची आहे. पाकीट मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, शनिवार-रविवार आणि फेडरल सुट्ट्या वगळून. 19 ऑगस्ट हा पहिला दिवस, 29 ऑगस्टला नऊ होतात, 1 सप्टेंबर लेबर डे म्हणून गळतो, आणि पंधरावा दिवस येतो मंगळवार, 9 सप्टेंबरला. ती तारीख उलटली की सायटेशन अंतिम आदेश होतं आणि मग कुणाशी काही बोलण्यात अर्थ उरत नाही.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते इन्फॉर्मल कॉन्फरन्सपाशी, म्हणजे ओशाच्या अधिकाऱ्याशी होणाऱ्या अनौपचारिक भेटीपाशी. एरिया ऑफिसला फोन केला, भेट ठरली, साहेब नीट बोलले, म्हणून माणूस निश्चिंत होतो. त्या भेटीने मुदत एक दिवसही पुढे सरकत नाही. हरकत लेखीच द्यावी लागते, तोंडी चालत नाही. तेव्हा भेट पहिल्या आठवड्यातच मागा. समझोत्यावर सह्या झाल्या तर उत्तम, नाहीतर 9 तारखेच्या आत हरकतीचं पत्र पोचलंच पाहिजे. पत्रात कशाला हरकत आहे ते स्वच्छ लिहा: कुठली बाब, तिचं वर्गीकरण, दंड, अबेटमेंटची (दोष दूर करण्याची) तारीख. 'दंड जास्त वाटतो' एवढंच लिहिलं तर फक्त दंडाला हरकत घेतली असं धरलं जाण्याचा धोका असतो आणि 'सीरियस' हा शब्द जागच्या जागी राहतो.

आणखी एक, सायटेशनची प्रत कामाच्या जागी लावलीत ना? तीन कामकाजी दिवस किंवा दोष दूर होईपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर ती तिथे दिसली पाहिजे. न लावल्याचं वेगळं सायटेशन मिळतं.

आता तुमच्या आकड्याकडे बघा. 15 जानेवारी 2025 पासून सीरियसचा कमाल दंड 16,550 डॉलर आहे. 6,620 म्हणजे त्याचे बरोबर 40 टक्के. म्हणजे तुम्हाला 11 ते 25 माणसांच्या जुन्या टप्प्याची 60 टक्के सूट लावलेली दिसते. 14 जुलै 2025 ला धोरण बदललं आणि 25 माणसांपर्यंत 70 टक्के सूट आली. त्या हिशेबाने प्रत्येकी 4,965 व्हायला हवेत. शिवाय आधी कधीच तपासणी झालेली नसेल तर 20 टक्क्यांची वेगळी सूट त्याच धोरणात आहे, आणि दोष ताबडतोब दुरुस्त केल्याबद्दल 15 टक्क्यांची. हे सगळं धोरण आहे, कायद्याने दिलेला हक्क नव्हे. पण भेटीत हा कागद समोर ठेवून विचारायला काहीच हरकत नाही.

मात्र 'आज 14' हा आकडा चालत नाही. मागच्या 12 महिन्यांत, सगळ्या साइट्स मिळून, एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं होती ते मोजतात.

तुळईखाली

मे महिन्यात 22 होती. म्हणजे 25 च्या आतच.

हेपाकाका

पहिल्या बाबीवर लिहितो, कारण तिथे 'मशीन तर मोठं होतं' ही सबब हमखास येते.

तुमची खोली 12,000 घनफूट. तासाला चार वेळा हवा बदलायची म्हणजे 48,000 घनफूट, म्हणजे मिनिटाला 800. तुमचं मशीन 2,000 चं. प्री-फिल्टर भरून त्याची ताकद निम्म्यावर आली तरी हिशेब जमतो. पण नियमात दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम पाळायच्या असतात: चार एअर चेंज *आणि* उणे 0.02 इंच. पहिली मशीनवर ठरते, दुसरी खोली किती गळते यावर. बॉयलर रूम म्हणजे तर चाळणी. ज्वलनाच्या हवेसाठी भिंतीत लूव्हर असतो, जमिनीत ड्रेन असतो, पाइप स्लॅबमधून वर जातात तिथे भोवती बोटभर फट असते, इलेक्ट्रिक पॅनेलच्या मागे कॉन्ड्युटची भोकं असतात. प्लास्टिक नीट ताणलेलं दिसतं आणि हवा या फटींतून येत राहते.

म्हणूनच नियम सांगतो की काम सुरू करण्यापूर्वी आणि प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला एन्क्लोजर तपासा, स्मोक ट्यूबने (धूर सोडणारी नळी) गळती शोधा आणि बुजवा. ट्यूबचा धूर प्लास्टिकच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे तो आतल्या बाजूला ढकलला जातो किंवा थरथरतो तिथे टेप आणि फोम. ही चाचणी केल्याची वेळ आणि सही लॉगमध्ये नसेल तर केली नाही असंच धरतात.

मग मॅनोमीटर. शिफ्टच्या आधी शून्यावर आणा. बाहेरची संदर्भ-नळी स्थिर हवेत हवी. ती एक्झॉस्ट डक्टच्या तोंडाशी किंवा जिन्यातल्या वाऱ्यात पडलेली असेल तर आकडा खोटा येतो. नळी चिमटली गेली किंवा आत पाण्याचा थेंब अडकला तरी तेच. आणि फ्लेक्स डक्टला दोन काटकोनी वळणं दिलीत की मशीनची बरीच ताकद तिथेच जाते.

मशीन डीकॉनच्या (कामगार जिथून ये-जा करतात आणि अंग धुतात ती जागा) *विरुद्ध* टोकाला ठेवा. ताजी हवा डीकॉनमधून आत येऊन माणसांच्या पाठीमागून मशीनकडे गेली पाहिजे. दुसरं मशीन तयार ठेवा, प्री-फिल्टर बदलताना पहिलं बंद करावं लागलं तरी दाब पडता कामा नये.

आणि एक गोष्ट जी सायटेशनमध्ये नाही पण माणूस मारते: खोलीत गॅसचा वॉटर हीटर चालू असेल तर हाच उणा दाब चिमणीतला धूर उलटा आत ओढतो. मशीनमधला बारीक कण पकडणारा हेपा फिल्टर कार्बन मोनॉक्साइड वायू अडवत नाही. मशीन लावण्याआधी बर्नर बंद, गॅस व्हॉल्व्ह बंद, त्यावर कुलूप आणि टॅग.

निळी_कॅसेट

260 फुटांचा गोंधळ आधी मिटवते. तो आकडा ईपीएच्या नेशॅप नावाच्या नियमातला आहे: पाइपवर 260 फूट, इतर पृष्ठभागावर 160 चौरस फूट, किंवा 35 घनफूट. तेवढं किंवा त्याहून जास्त असेल तर 10 कामकाजी दिवस आधी सूचना द्यायची. इमारत पाडायची असेल तर ॲस्बेस्टॉस शून्य असलं तरी सूचना लागते. हा हवेच्या प्रदूषणाचा नियम आहे. ओशाला त्याच्याशी देणंघेणं नाही. ओशाच्या लेखी पाइप इन्सुलेशन काढणं म्हणजे क्लास वन, सगळ्यात धोक्याचा वर्ग, आणि 25 फूट किंवा 10 चौरस फुटांच्या वर गेलं की कामाला लागूनच डीकॉन हवा: इक्विपमेंट रूम, शॉवर, क्लीन रूम. 180 फूट त्याच्या सातपट आहे.

दुसरी बाब. क्लास वनमध्ये रोजचं मॉनिटरिंग टाळायला दोनच वाटा आहेत. एकतर सगळ्यांना प्रेशर-डिमांड सप्लाइड एअर (बाहेरून दाबाने हवा पुरवणारा मास्क). नाहीतर निगेटिव्ह एक्स्पोजर असेसमेंट (हवेतले तंतू मर्यादेखालीच राहतील हे दाखवणारं मूल्यांकन), आणि त्यासाठी एकतर वस्तुनिष्ठ माहिती लागते, किंवा गेल्या 12 महिन्यांतल्या अगदी तशाच कामाचे नमुने (तेच मटेरियल, तीच पद्धत, तेवढीच प्रशिक्षित माणसं), किंवा याच कामाच्या सगळ्यात धोक्याच्या टप्प्यांचे सुरुवातीचे प्रातिनिधिक नमुने. नुसतं 'पहिल्या दिवशी कमी आलं म्हणून पुढे केलं नाही' हे त्यात बसत नाही. तेव्हा ही बाब उडवून लावणं अवघड आहे. पहिल्या दिवसाचे निकाल मर्यादेच्या बरेच खाली असतील तर ते समोर ठेवून तीव्रता कमी करून मागा.

मर्यादा दोन: आठ तासांच्या सरासरीला 0.1 फायबर प्रति घनसेंटिमीटर, आणि 30 मिनिटांला 1.0. लोक दुसरी विसरतात. कॅसेट (हवेचा नमुना घेणारी फिल्टरची डबी) 25 मिलिमीटरची, काळ्या काऊलसह (पुढचा नळीसारखा भाग), तोंड उघडं आणि खाली, श्वासाच्या टप्प्यात कॉलरला. पंप मिनिटाला 2 लिटरवर लावला तर चार तासांत 480 लिटर होतात. बॉयलर रूमच्या धुळीत एकाच कॅसेटवर आठ तास काढले की फिल्टर भरतो आणि लॅब 'मोजता येत नाही' म्हणून परत पाठवते. दोन किंवा तीन कॅसेट्समध्ये शिफ्ट तोडा. पंपाचं कॅलिब्रेशन आधी आणि नंतर, दोन्ही आकडे फॉर्मवर. निकाल आल्यापासून 5 कामकाजी दिवसांत कामगाराला कळवायचा. हे रेकॉर्ड 30 वर्षं जपायचं, वैद्यकीय रेकॉर्ड नोकरी अधिक 30 वर्षं.

सीमापार

तिसरी बाब आणि परवाना एकत्रच घ्यायला हवेत.

क्लास वनवरच्या कॉम्पिटंट पर्सनला (साइटवरचा पात्र, जबाबदार माणूस; इथे सुपरवायझर) ईपीएच्या नमुना आराखड्याप्रमाणे काँट्रॅक्टर-सुपरवायझरचा पाच दिवसांचा कोर्स लागतो, आणि दर वर्षी एक दिवसाचा रिफ्रेशर. कामगाराचा कोर्स चार दिवसांचा, रिफ्रेशर एक दिवसाचा. प्रमाणपत्र संपल्यावर 12 महिन्यांच्या आत रिफ्रेशर केला तर पाच दिवस पुन्हा बसावं लागत नाही. या सवलतीचा अर्थ लोक उलटा लावतात. ती कोर्स वाचवते, *मधल्या काळातलं काम* वैध करत नाही. त्या दोन महिन्यांत साइटवर कॉम्पिटंट पर्सन नव्हता, हेच सायटेशन आहे. आता रिफ्रेशर करणं वरातीमागून घोडं असलं तरी आजच करा, अबेटमेंटच्या कागदाला तेच लागणार आहे. अबेटमेंटच्या तारखेनंतर 10 दिवसांत पूर्तीचं पत्र जायला हवं.

न्यू जर्सीत खासगी कंपनीवर फेडरल ओशाची सत्ता चालते, पण कंपनीचा परवाना आणि माणसांचे परमिट राज्याच्या कामगार खात्याकडे. दोन वेगळी दारं. संपलेल्या प्रमाणपत्राचा प्रश्न दुसऱ्या दारातूनही येऊ शकतो, त्यामुळे दोन्हीकडे एकच खरी तारीख सांगा.

न्यूयॉर्कमध्ये इथले कागद चालणार नाहीत. तिथल्या कामगार खात्याचा कंपनी परवाना वेगळा, प्रत्येक माणसाचं प्रमाणपत्र वेगळं, आणि काम न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी (विभागांपैकी) एकात असेल तर शहराच्या पर्यावरण खात्याचं (डीईपी) प्रमाणपत्र आणखी वेगळं. तिथल्या राज्याच्या ॲस्बेस्टॉस नियमात, कोड रूल 56 मध्ये, 180 फूट 'स्मॉल' प्रकल्पात पडतं, 25 च्या वर आणि 260 च्या खाली. उद्या कुणी कॅलिफोर्नियाचं काम दाखवलं तर तिथे ओशाही राज्याची, वर सी-22 हा ॲस्बेस्टॉस ठेकेदाराचा परवाना, आणि 0.1 टक्क्याहून जास्त ॲस्बेस्टॉसच्या 100 चौरस फुटांपासून पुढे वेगळी नोंदणी. ईपीएची व्याख्या 1 टक्क्याची आहे, म्हणजे 'आमच्याकडे हे ॲस्बेस्टॉस मोजत नाहीत' असं म्हणून तिथे उतरलात तर संपलंच.

तुळईखाली

खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे 4,965 वर आणून भरून टाकलं तर विषय मिटला ना?

कागदकाळू

पैशांचा मिटला. 'सीरियस'चा नाही. अंतिम आदेशापासून पाच वर्षांत तसाच दोष कुठल्याही साइटवर पुन्हा निघाला तर तो 'रिपीट' होतो आणि त्याची कमाल 1,65,514 डॉलर आहे. शिवाय मोठे ग्राहक निविदेआधी ओशाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून बघतात.

म्हणून भेटीत दंडाइतकाच जोर वर्गीकरणावर द्या. पहिली बाब: स्मोक टेस्टचा लॉग असेल आणि सुधारलेल्या दाबाचा प्रिंटआउट असेल तर 'अदर-दॅन-सीरियस' (गंभीर नसलेला दोष) मागून बघा. पहिली आणि दुसरी एकत्र करायची मागणीही करता येते, दोन्ही एकाच धोक्याशी निगडित आहेत. समझोत्यात 'दोष कबूल नाही' हे वाक्य घालून घ्या. तिसऱ्या बाबीवर फार वाद घालू नका, तारीख छापलेली आहे.

तुळईखाली

स्मोक टेस्टचा लॉग पहिल्या दोन दिवसांचाच आहे. पुढचे भरून घेऊ का आता?

हेपाकाका

अजिबात नको. मागाहून भरलेला लॉग म्हणजे फेडरल अधिकाऱ्याला खोटा कागद देणं, तो फौजदारी गुन्हा आहे. आहेत ते दोन दिवस द्या, आणि आजपासूनचे.