गडग्यावर लाल बाण मारून गेलेत, संमतीपत्रावर सही करू का?

परड्यातला_फणस:
नमस्कार मंडळी. घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कडेने जुनी पाखाडी (चिऱ्यांची पायवाट) आहे, मागची चार घरं तिथूनच ये-जा करतात. गेल्या आठवड्यात पालिकेचे दोघे टेप घेऊन आले, आमच्या चिऱ्याच्या गडग्यावर (कुंपणाच्या भिंतीवर) लाल बाण मारला आणि म्हणाले सहा मीटरचा रस्ता होणार, तुमचे अडीचेक गुंठे जातील. पैसे? तर म्हणे निधी कामाचा आहे, जागेचा नाही, संमतीपत्रावर सही द्या. सातबारा सामायिक, २३ नावं, निम्मी विरार-डोंबिवलीला आणि तिघे तर वारलेत, वारस लागलेले नाहीत. रस्त्याला विरोध नाही हो, गेल्या पावसात मागच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी मेन रोडला नेलं त्यात मी पण होतो. पण एवढी घाई का, आणि सही दिली तर नंतर काही मिळतं का?

माजी_मेंबर:
घाईचं कारण ३१ मार्च, तोवर निधी खर्ची पडायला हवा, दुसरं काही नाही. एक टर्म आत बसलोय म्हणून सांगतो. १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून शासनाच्या अनुदानावर पगार भागतात आणि स्वतःचं म्हणाल तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, मच्छीमार्केटची पावती एवढंच, त्यातही घरपट्टी वाढवायची म्हटलं की निवडणूक आठवते. १५ व्या वित्त आयोगातून (२०२६ पर्यंत) केंद्राचा जो निधी यायचा त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते, त्यातून जागा घेता येत नव्हती. रस्त्याचा पैसा जिल्हा नियोजन समितीकडून येतो तो कामापुरता, आणि जागा ताब्यात नसली तर काम अडतं. म्हणून मग सगळा भार तुमच्या सहीवर. पालिका लबाड आहे असं नाही, खिसाच फाटका आहे.

कलमवाला:
रस्तो सगळ्यांक होयो, पण दुसऱ्याच्या परड्यातसून 😄

बांध_आणि_वहिवाट:
दादा, आधी सही नको. सगळ्यात पहिलं विकास आराखड्याचं शीट बघा, नगररचना विभागात जाऊन पार्ट प्लॅनची (आराखड्यातल्या तुमच्या जागेपुरत्या भागाची) नक्कल मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत द्यावी लागते. रस्ता आराखड्यात असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२६ लागू होतं, म्हणजे बोलणी करून पैसे, किंवा टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) नाहीतर एफएसआय (आपल्याच उरलेल्या जागेवर जादा बांधकामाची मुभा), नाहीतर २०१३ च्या कायद्याने भूसंपादन, शहरी हद्दीत साधारण बाजारभावाच्या दुप्पट. टीडीआरच्या नादाला लागू नका, आपल्याकडे छोट्या गावात तो घेणार कोण? उरलेल्या जागेवर एफएसआय मिळतो का ते विचारा, पुढे घर वाढवायला कामी येईल.
आणि फुकट द्यायचीच झाली तरी साध्या कागदावर जमीन जात नाही, बक्षीसपत्र रजिस्टर करावं लागतं आणि तुम्ही फक्त तुमच्या हिश्शापुरतं देऊ शकता, बाकी २२ जणांचं नाही. पण तो साधा कागद उद्या 'मालकाने ताबा दिला' म्हणून पुढे येतो आणि मग भांडत बसा, म्हणून लिहितोय.

मुंबईकर_हिस्सेदार:
आम्हाला फोन तरी करा रे, आमच्याकडे असाच रस्ता झाला तो गणपतीला गेल्यावर कळला. आणि हो, मागच्या चार घरांची २० वर्षांच्या वर वहिवाट असेल तर पायवाट तुम्हाला तशीही बंद करता येणार नाही, १८८२ चा कायदा आहे, तेव्हा उगाच ताणू पण नका.

परड्यातला_फणस:
सगळ्यांचे आभार. आज नगररचनाला जाऊन आलो, साहेब जेवायला गेलेले ते साडेतीनला आले. शीटवर रस्ता आहे, पण रेघ पाखाडीच्या मधोमध धरून दोन्हीकडे तीन-तीन मीटर. म्हणजे आमची निम्मीच जागा जाते. मग बाण एकाच गडग्यावर का, विचारलं तर म्हणाले साइटवर बघू. समोरचं परडं कोणाचं ते इथे लिहीत नाही. लेखी हरकत आवक-जावकला देऊन शिक्का घेतलाय, मुंबईच्या १३ जणांना फोन पण झाले, त्यातल्या दोघांना आपलं नाव सातबाऱ्यावर आहे हेच माहीत नव्हतं.