स्वतः विकत घेतलेल्या डीव्हीडीची बॅकअप कॉपी काढणं कायद्यात बसतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कॉपीराइटमधलं कळणाऱ्या कुणीतरी प्लीज सांगा. माझ्याकडे पैसे मोजून घेतलेल्या ओरिजिनल डीव्हीडी आहेत, त्यातल्या जुन्या आता अडकायला लागल्यात, चित्राचे चौकोन होतात, काहींच्या आतल्या थरालाच डाग पडलेत जे पुसून जाणारे नाहीत, आणि त्यातले बरेच माहितीपट आता कुठेच विकत मिळत नाहीत, म्हणून डिस्क पूर्ण जायच्या आत सगळं हार्ड डिस्कवर घ्यायचंय. फक्त स्वतःला बघायला. कुणाला देणं, विकणं, अपलोड करणं यातलं काहीच नाही.

भारतातला १९५७ चा कायदा वाचून काढला. कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी फेअर डीलिंग (म्हणजे मालकाची परवानगी न घेता केलेला रास्त वापर) चालतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते सिनेमालाही लागू आहे. पण अख्खा पिक्चर कॉपी केला तर ते फेअर धरतात का? त्याच कलमात कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या बॅकअपला वेगळी स्पष्ट परवानगी दिलीय, व्हिडिओबद्दल तसं एक अक्षर नाही, मग व्हिडिओला ती नाकारली असं समजायचं का? हे मला फार खटकतं, कारण डिस्क खराब व्हायची भीती दोन्हीकडे सारखीच.

त्यात बऱ्याच डीव्हीडींना सीएसएसचं (कॉपी रोखण्यासाठी डिस्कवरचा व्हिडिओ सांकेतिक करणारं तंत्र) लॉक असतं, ते काढल्याशिवाय कॉपी चालत नाही. कलम ६५अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माझा तसा हेतूच नाही, तर मी यातून सुटतो ना? अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यामुळे घरच्या कॉपीसाठीही लॉक तोडणं बेकायदाच धरतात, जर्मनीत खाजगी कॉपी चालते पण लॉक तोडून नाही, आणि ब्रिटनने तर २०१४ मध्ये खाजगी कॉपीला परवानगी दिली ती २०१५ मध्ये कोर्टाने रद्द केली. आपला कायदा हेतू बघतो म्हणून मला तो जास्त न्याय्य वाटतो, पण नुसत्या वाटण्यावर जायचं नाहीये.

तर वकील मंडळींनी सांगा, मूळ डिस्क जपून ठेवली तर माझी बाजू भक्कम होते का, आणि उद्या ती डिस्क विकली तर कॉपी डिलीट करावीच लागेल ना? शिवाय ऑनलाइन ‘बाय’ केलेल्या व्हिडिओत मुळात लायसन्सच मिळतं म्हणतात, तिथे बॅकअपचा प्रश्न अटींवर ठरतो की याच कलमांवर?